बहुपदींच्या वजाबाकीत चिन्ह सारखं चुकतंय? बिघाड नेमका कुठे आहे ते असं शोधा

लक्षण ओळखीचं आहे. बहुपदींची बेरीज जमते, वजाबाकी आली की वही लाल होते. चूक दाखवली की पोरगं लगेच म्हणतं, "हां हां काकू, चिन्ह चुकलं." खोडतं, दुरुस्त करतं आणि पुढच्याच गणितात तेच करून ठेवतं. सातवीत हे सुरू होतं, आठवीत चालू राहतं. नववीत 'बहुपदी' नावाचा आख्खा धडा येतो तेव्हा घरचे जागे होतात.

माझ्याकडे संध्याकाळी सातवी ते नववीची मुलं येतात. इतक्या वह्या तपासल्यावर माझं ठाम मत झालंय की "चिन्ह चुकलं" हे निदानच नाही. पंप पाणी ओढत नाही म्हटल्यावर फूटव्हॉल्व्ह गेलाय, पाइपात हवा धरलीय की विहिरीतच पाणी नाही, हे आधी बघावं लागतं. तिन्हींवर उपाय वेगळे. वजाबाकीतल्या चिन्हाचंही तसंच आहे. बाहेरून एकच दिसणारी चूक आतून पाच-सहा कारणांनी होते. कारण न शोधता "नीट लक्ष दे" म्हणून वीस गणितं करायला दिली, की मूल तीच चूक वीस वेळा घोटवतं.

एक खुलासा आधीच. पुस्तकात चल इंग्रजी अक्षरांत असतात, मी इथे जुन्या वळणाने क्ष आणि य लिहिते आहे. त्यात एक फायदाही आहे. घाईत काढलेला 'एक्स' आणि गुणाकाराची फुली पुष्कळ मुलांच्या वहीत जुळ्या भावंडांसारखी दिसतात आणि त्यावरून वेगळाच घोळ होतो. तुमच्या घरी तो होत असेल तर 'एक्स' दोन पाठमोऱ्या कंसांसारखा वळणदार काढायला शिकवा. बाकी काही करावं लागत नाही.

आधी हे एकच गणित सोडवायला द्या

(५क्ष² − ३क्ष + ७) − (२क्ष² − ८क्ष + ४)

मदत करू नका, बाजूला बसून ओठ चावू नका, आणि पायऱ्या खोडू देऊ नका. बरोबर उत्तर ३क्ष² + ५क्ष + ३ आहे. चुकीचं उत्तर कोणतं आलं, त्यावरून पुष्कळ कळतं.

३क्ष² − ११क्ष + ११ आलं तर कंसापुढचं वजा फक्त पहिल्या पदाला लागलं आणि बाकीची दोन पदं तशीच सुटली. सगळ्यांत जास्त वेळा हेच येतं.

३क्ष² + ५क्ष + ११ आलं तर मुलाला नियम माहीत आहे. शेवटच्या पदापर्यंत पोचता पोचता दम संपला, एवढंच.

−३क्ष² − ५क्ष − ३ आलं, म्हणजे सगळी चिन्हं बरोब्बर उलटी, तर कोणातून कोण वजा करायचं हेच उलटं झालंय. आपल्या गणितात क्रम समोर दिसतोय, त्यामुळे इथे हे क्वचित होतं. शाब्दिक प्रश्नात मात्र हमखास होतं.

३क्ष² − ५क्ष + ३ किंवा ३क्ष² − ११क्ष + ३ आलं तर बीजगणित ठीक आहे, −३ + ८ करताना गडबड झाली. बिघाड सहावीतल्या पूर्णांकांत आहे.

८क्ष³ + ३ किंवा तसलं काही आलं तर वजाबाकी बरोबर झाली होती. पुढे मुलाने ३क्ष² आणि ५क्ष यांचं लग्न लावून दिलं.

आता गंमत. ७क्ष² − ११क्ष + ११ हे उत्तर दोन अगदी वेगळी मुलं आणतात. एकाने वजा पाहिलंच नाही, सरळ बेरीज केली. दुसऱ्याने चिन्हं नीट बदलली आणि मग बदललेली राशी पुन्हा वजा केली. दोनदा उलटं केलं की मूळपदावर येतं, म्हणून त्याचीही बेरीजच झाली. पहिल्याला काही येत नाही, दुसऱ्याला थोडं जास्तच येतं. दोघांच्या वहीवर एकच लाल फुली पडते आणि दोघांना एकच उपदेश मिळतो. म्हणून उत्तरावर थांबायचं नाही, पायऱ्या बघायच्या.

कंस वाचलाच जात नाही

आता पहिल्या चुकीकडे, कारण निम्म्याहून जास्त मुलं तिथेच अडकलेली असतात.

आठवीतला एक मुलगा माझ्याकडे यायचा. पाढे पाठ, अक्षर देखणं, बेरजा धडाधड. वजाबाकीत मात्र प्रत्येक वेळी दुसऱ्या पदापासून घसरायचा. नियम विचारला की घडाघडा सांगायचा, "कंसाआधी वजा असेल तर कंसातल्या प्रत्येक पदाचं चिन्ह बदलतं." म्हणजे माहीत सगळं होतं. एक दिवस कंटाळून म्हटलं, "अरे, गणित सोडवू नकोस, नुसतं मोठ्याने वाच." त्याने वाचलं:

"पाच क्ष वर्ग वजा तीन क्ष अधिक सात वजा दोन क्ष वर्ग वजा आठ क्ष अधिक चार."

एका दमात. कंस त्याच्या तोंडून बाहेरच पडला नाही. कागदावर होता, डोळ्यांना दिसत होता, वाचण्यात मात्र नव्हता. आणि त्याने जे वाचलं, त्याचं उत्तर ३क्ष² − ११क्ष + ११ हेच येतं! त्याने त्याच्या गणिताचं उत्तर बरोबर काढलं होतं, फक्त ते गणित पुस्तकातलं नव्हतं.

त्या दिवसापासून तपासणीत मी पहिल्यांदा वाचनच घेते. तुम्हीही घेऊन बघा, दोन मिनिटांचं काम आहे. कंस गिळणाऱ्या मुलाला असं वाचायची सवय लावायची: "पाच क्ष वर्ग वजा तीन क्ष अधिक सात, *यातून*, दोन क्ष वर्ग वजा आठ क्ष अधिक चार *ही आख्खी राशी* वजा." 'आख्खी' हा शब्द सोडू द्यायचा नाही. सुरुवातीला हसतात, चार दिवसांनी मनातल्या मनात म्हणायला लागतात.

तरी पटत नसेल तर किराणा दुकानात न्या. तुम्ही ५०० ची नोट दिली. सामान २८० चं झालं, पण दुकानदाराने त्यात ३० रुपये सूट दिली. परत किती मिळतील?

५०० − (२८० − ३०)

मूल वहीत लिहितं, ५०० − २८० − ३० = १९०. आता विचारा, "सूट मिळाली नसती तर किती परत आले असते?" २२०. "मग सूट मिळाल्यावर त्याहून कमी परत घेऊन येशील?" इथे चेहरा बदलतो. बिलातून ३० कमी झाले म्हणजे आपल्या हातात ३० जास्त आले, ५०० − २८० + ३० = २५०. वजा करायच्या गोष्टीतच काही वजा असेल तर ते आपल्या बाजूला जमा होतं. "वजाचं अधिक होतं" हा नियम त्याने शंभर वेळा ऐकलेला असतो. ३० रुपये खिशातून जाताना दिसले की तो पहिल्यांदा कळतो.

मधली ओळ

कंस सुटायला लागला की शिस्त एकच, मधली ओळ लिहायची. उत्तराकडे उडी नाही.

५क्ष² − ३क्ष + ७ − २क्ष² + ८क्ष − ४

या ओळीत एकही कंस नाही आणि एकही आकडेमोड नाही. फक्त चिन्हं बदलली. हुशार मुलं हीच ओळ गाळतात, कारण ती लिहायला त्यांना कमीपणा वाटतो. चिन्ह बदलणं आणि बेरीज करणं ही दोन कामं डोक्यात एकदम चालली की एखादं पद निसटणारच. परीक्षेत पायऱ्यांना गुण असतात हे सांगून बघा, त्याने न ऐकणारी मुलंही ऐकतात.

वर ज्याचा दम शेवटच्या पदाला संपला होता, त्याच्यासाठी आणखी एक. चिन्हं बदलून झाल्यावर कंसातली पदं मोजायची, तीन. मग बदललेली चिन्हं मोजायची, तीन. जुळली की पुढे. बस.

मधली ओळ लिहूनही चुकत असेल तर पदं उचलताना चिन्ह मागे राहतंय. सजातीय पदं, म्हणजे क्ष चा घात सारखा असलेली, जवळ आणताना मूल ८क्ष उचलतं आणि त्याच्या मागचं अधिक तिथेच विसरतं. पेन्सिलीने प्रत्येक चिन्हाच्या *आधी* एक उभी रेघ मारायला लावा:

५क्ष² | − ३क्ष | + ७ | − २क्ष² | + ८क्ष | − ४

आता प्रत्येक डब्यात एक पद आणि त्याचं स्वतःचं चिन्ह. डबा हलवायचा तर चिन्हासकट. चिन्ह दोन पदांच्या मधलं नसतं, मागून येणाऱ्या पदाचं असतं, हे या रेघांनी जितकं पटतं तितकं सांगून पटत नाही.

भास्कराचार्यांच्या बीजगणितात ऋण संख्या दाखवायला तिच्या डोक्यावर टिंब द्यायची पद्धत आहे. मला ती फार आवडते. टिंब संख्येच्या डोक्यावर बसलेलं, मग संख्या कुठेही न्या, टिंब तिच्याबरोबर जाणार. दोन पदांच्या मधल्या मोकळ्या जागेत लटकणारं आपलं वजाचं चिन्ह सोयीचं आहे खरं, पण ते नक्की कोणाचं, हा प्रश्न त्याने पोरांपुढे उभा केला. आणि वजाबाकीचा त्यांचा नियमही आपल्या मधल्या ओळीचाच आहे. जे वजा करायचंय ते धन असेल तर ऋण होतं, ऋण असेल तर धन होतं, आणि मग सांगितल्याप्रमाणे बेरीज. हे ११५० च्या सुमाराचं. पुढे त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांचे ग्रंथ शिकवायला चाळीसगावजवळच्या पाटणला मठ काढला. तसा शिलालेख तिथे आहे. त्या मठातली पोरंही शेवटच्या पदाचं चिन्ह विसरत असणार, असं मला आपलं वाटतं.

चिन्हं बदलली आणि पुन्हा वजा केलं

हा दोनदा बदलाचा आजार उभ्या मांडणीत जास्त दिसतो. एकाखाली एक मांडायचं, खालच्या ओळीतल्या चिन्हांखाली नवी चिन्हं काढायची आणि बेरीज करायची, अशी रीत वर्गात शिकवतात. रीत चांगली आहे. अडचण अशी की जुनी चिन्हं तिथेच राहतात, नवी खाली येतात आणि डावीकडे "वजा करा"चं मोठं चिन्हही तसंच असतं. मूल नवं चिन्ह बघून पुन्हा डावीकडे बघतं आणि आज्ञाधारकपणे पुन्हा वजा करतं.

उपाय अगदी हाताचा आहे. चिन्ह बदललं की जुन्या चिन्हावर काट मारायची आणि डावीकडचं मोठं वजासुद्धा खोडून तिथे अधिक लिहायचं. वजाबाकी संपली, आता समोर बेरीज आहे, हे कागदावर दिसलं पाहिजे. नव्या चिन्हांना वेगळी शाई वापरली तर आणखी बरं, पण परीक्षेत दोन पेनांची कसरत नको, म्हणून मी त्यावर फार भर देत नाही.

"वजा वजा अधिक" नावाचं भूत

हे सगळ्यांत चिवट. मुलाला विचारा, (−३) × (−८) किती? अधिक २४. छान. आता विचारा, −३ − ८ किती? उत्तर "अधिक ११" आलं तर भूत सापडलं.

कोणीतरी कधीतरी घाईत सांगितलेलं असतं, "वजा वजा अधिक." ते गुणाकारापुरतं आणि कंस सोडवण्यापुरतं खरं आहे. मुलाने मात्र त्याचा मंत्र केला आणि जिथे दोन वजा दिसतील तिथे फुंकायला लागलं. मग −३क्ष − ८क्ष चं ११क्ष होतं. अशा मुलाला बहुपदींची कितीही गणितं द्या, पालथ्या घड्यावर पाणी.

बीजगणित दोन दिवस बंद ठेवा. ऋण म्हणजे कर्ज, हा शब्दच मदतीला आहे. दुकानात ३ रुपये उधारी होती, आणखी ८ ची उधारी केली, तर ११ जमा झाले का? ११ ची उधारी झाली. ३ ची उधारी होती आणि खिशात ८ आले, तर उधारी फेडून ५ उरले. अशी तोंडी वीस-पंचवीस उदाहरणं झाली की क्ष पुन्हा आणायचा. आणि तो मंत्र घरात कोणीच म्हणायचा नाही. म्हणायचंच असेल तर पुरा म्हणा, "*वजा करायचं* वजा असेल तर अधिक." थोडा लांब होतो, होऊ दे.

कोणातून कोण?

प्रश्न असा येतो: "२क्ष² − ८क्ष + ४ ही राशी ५क्ष² − ३क्ष + ७ मधून वजा करा." मूल डोळ्यांना आधी दिसलेली राशी आधी लिहितं, वजाचं चिन्ह टाकतं, मग दुसरी लिहितं. सगळी चिन्हं उलटी.

मराठीत सुटका सोपी आहे. 'मधून' ज्या राशीला चिकटलंय ती आधी लिहायची, मग ती वाक्यात पुढे असो की मागे. त्या शब्दाभोवती गोल काढायचा आणि तिथून सुरुवात करायची.

सेमी इंग्रजीच्या मुलांचं मात्र दुखणं खोल आहे. इंग्रजीत 'सब्ट्रॅक्ट' नंतर जी राशी येते ती वजा करायची असते, आणि जिच्यातून करायची ती 'फ्रॉम'च्या मागून, वाक्याच्या शेवटी येते. म्हणजे वाचनाचा क्रम आणि लिहिण्याचा क्रम कायम उलटा. घरी मराठीत "अमक्यातून तमकं" अशी सवय झालेलं मूल इंग्रजी वाक्यही त्याच क्रमाने लिहून टाकतं. त्याला आधी वाक्य मराठीत सांगायला लावा. सांगितल्यावर त्यालाच हसू येतं. एवढं करून बीजगणित न शिकवता गणितं सुटायला लागलेली मुलं मी पाहिली आहेत.

याच जातीचा दुसरा सापळा: "क्ष² − ४क्ष + ६ मध्ये काय मिळवलं म्हणजे ३क्ष² + २ मिळेल?" 'मिळवलं' दिसलं की मुलं बेरीज करून मोकळी होतात. इथे थांबून लहान आकडे घालून विचारायचं, "६ मध्ये काय मिळवलं म्हणजे १० होतील?" चार, कारण १० मधून ६ गेले. तर मग इथेही (३क्ष² + २) − (क्ष² − ४क्ष + ६), उत्तर २क्ष² + ४क्ष − ४.

बेरीज जमते, असं फक्त वाटत असतं

कधी कधी वजाबाकीवर आळ येतो आणि दोष बेरजेचाच निघतो. यातली दोन-तीन दुखणी पटापट सांगते.

५क्ष² + २क्ष² चं ७क्ष⁴ करणारी मुलं घातांकांची बेरीज करतात, कारण गुणाकारात ती करायची असते. पाच वह्या आणि दोन वह्या मिळून सात वह्या. वह्यांचं काही दुसरं होत नाही.

३क्ष² आणि ५क्ष एकत्र करणाऱ्याला सजातीय-विजातीय पुन्हा शिकवावं लागतं. भास्कराचार्यांच्या ग्रंथात अज्ञात राशींना यावत्-तावत्, कालक, नीलक, पीतक अशी नावं आहेत, पहिलं सोडलं तर सगळी रंगांची. बेरीज-वजाबाकी समान जातीच्या राशींची, वेगळ्या जातीच्या शेजारी शेजारी वेगळ्याच ठेवायच्या. 'सजातीय' हा आपला पाठ्यपुस्तकी शब्द मुलांना रुक्ष वाटतो. रंग सांगितले की चटकन कळतं. काही दिवस वर्गाच्या पदांखाली निळी रेघ, नुसत्या क्ष खाली लाल, स्थिर पदांखाली, म्हणजे नुसत्या आकड्यांखाली, काहीच नाही, असं चालतं.

दोन चलं आली की आणखी एक मौज. क्ष गुणिले य कोणी क्षय लिहितं, कोणी यक्ष. ३क्षय + ४यक्ष = ७क्षय, कारण गुणाकाराचा क्रम बदलला तरी पद तेच. पण क्ष²य आणि क्षय² ही मात्र वेगवेगळ्या जातीची, दिसायला कितीही सारखी असोत. (जुन्या बीजगणितात ऋणाला 'क्षय' असाही शब्द आहे. त्यामुळे जुनी पोथी उघडून बसलात तर हा गोंधळ तुमचा तुम्ही निस्तरा.)

आणि ५क्ष − क्ष = ५. हे वाचून हसू नका, नववीतली मुलंसुद्धा करतात. "पाच क्ष मधून क्ष काढला, पाच राहिले." अक्षर खोडलं की झालं, असं त्यांना वाटतं. नुसता क्ष म्हणजे १क्ष. हा न लिहिलेला १ महिनाभर लिहायला लावा: ५क्ष − १क्ष = ४क्ष. मग आपोआप गळून पडतो.

रिकामी जागा

(४क्ष³ − २क्ष + १) − (क्ष³ + ३क्ष² − ५)

उभी मांडणी करताना मुलं तीन पदांखाली तीन पदं ठेवतात. मग −२क्ष च्या खाली ३क्ष² येतं आणि पुढचं सगळंच बिघडतं. वरच्या राशीत क्ष² नाही, खालच्यात नुसता क्ष नाही, आणि दोन्हींत मिळून सहाच पदं असल्यामुळे रांगा दिसायला सरळ दिसतात. फसवं गणित आहे, म्हणूनच मी ते हमखास देते.

नाही त्या जागी ० लिहायचा. सहगुणक रूपात, म्हणजे क्ष गाळून फक्त आकडे चिन्हांसकट, लिहिलं तर पहिली राशी (४, ०, −२, १) आणि दुसरी (१, ३, ०, −५). एकाखाली एक वजा करा: ३, −३, −२, ६. उत्तर ३क्ष³ − ३क्ष² − २क्ष + ६. सहगुणक रूप हे नववीत येतं, पण सातवीतल्या मुलाला दाखवायला काही हरकत नाही. ४०७ लिहिताना आपण दशकाच्या जागी ० लिहितो, ४७ लिहीत नाही, तसंच हे.

उत्तर स्वतःच तपासायचं

यापुढचं मी प्रत्येक मुलाकडून करून घेते, कारण आई-बाबांनी जन्मभर वही तपासायची नसते.

क्ष च्या जागी १० घाला. आपलं पहिलं गणित:

५क्ष² − ३क्ष + ७ म्हणजे ५०० − ३० + ७ = ४७७
२क्ष² − ८क्ष + ४ म्हणजे २०० − ८० + ४ = १२४
४७७ − १२४ = ३५३

उत्तर ३क्ष² + ५क्ष + ३ म्हणजे ३०० + ५० + ३ = ३५३. जुळलं! ३, ५, ३ हे सहगुणक समोर शतक-दशक-एकक होऊन उभे राहतात, तेव्हा मुलं खुर्चीतून उठतात. ते कंस गिळलेलं उत्तर घातलं तर ३०० − ११० + ११ = २०१ येतं आणि चोरी उघडी पडते.

काही जण क्ष च्या जागी १ घालून तपासायला सांगतात. सोपं आहे, चिन्हाच्या बऱ्याच चुका त्यात पकडल्या जातात. पण १ चा वर्ग, घन, चौथा घात सगळं १ च, त्यामुळे ७क्ष² चं ७क्ष⁴ केलेलं मूलही पास होतं. ० तर घालूच नका, स्थिर पद सोडून सगळंच नाहीसं होतं. १० घातल्यावर मात्र घातांकाची चूक लपत नाही आणि हिशोबही तोंडी होतो.

दुसरा पडताळा जुनाच आहे. आलेल्या उत्तरात वजा केलेली राशी मिळवायची, पहिली परत आली पाहिजे. ३क्ष² + ५क्ष + ३ मध्ये २क्ष² − ८क्ष + ४ मिळवा, ५क्ष² − ३क्ष + ७. ज्याची बेरीज पक्की आहे त्याने हा करावा. बेरीजच डळमळीत असेल तर चुकीने चूक तपासली जाते, त्याला १० च बरा.

एवढं करूनही चुकत असेल तर

तर कंसात कंस आला असेल.

७क्ष − [३क्ष − (२क्ष − ५)]

इथे मुलं एका झटक्यात सगळे कंस उडवतात. आतून बाहेर, एका ओळीत एकच कंस. आधी ३क्ष − २क्ष + ५, म्हणजे क्ष + ५. मग ७क्ष − (क्ष + ५), इथे कंस पुन्हा *लिहायचा*, कारण नेमका याच ओळीत तो गळतो आणि उत्तर ६क्ष + ५ येतं. बरोबर उत्तर ६क्ष − ५. दहा घालून बघा: ७० − [३० − १५] = ५५, आणि ६० − ५ = ५५.

त्या आठवीतल्या मुलाला हे गणित दिलं तेव्हा तो बराच वेळ वहीकडे बघत बसला. मग मान वर करून म्हणाला, "काकू, आधी वाचून दाखवू का?"